विमलेच्या पोटाचा फोटो

खारेवाडीत एखाद्या बाईच्या पोटात दुखायला लागलं की ते दुखणं आधी हौसाबाईच्या हवाली होई. हौसाबाई वैदू नव्हती, सुईण नव्हती, तिच्या अंगात काही येतही नसे. दुसऱ्याचं दुखणं जिथे पोचवायचं तिथे पोचवणं आणि नीट मांडणं, एवढंच तिचं काम. आज हे चमत्कारिक वाटेल. तेव्हा ते मिठाइतकं साधं होतं.

मालवणच्या उत्तरेला, खाडी समुद्राला मिळते तिथे ही वाडी. देऊळ रवळनाथाचं. गुरव भिकाजी देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवी आणि गाऱ्हाणं घाली. उजवीकडची पाकळी आधी पडली की देव हो म्हणाला, डावीकडची पडली की नाही म्हणाला. याला कौल म्हणत. अडचण एकच होती. बायकांची दुखणी बहुधा अशी, की त्या दुखण्यातच देवळाची पायरी बंद. कुणी विटाळशी, कुणाच्या अंगावरून जातंय, कुणी बाळंतीण. म्हणजे जिला देवाची सगळ्यात जास्त गरज, नेमकी तीच देवळाबाहेर. ही व्यवस्था कुणी लावून दिली कोण जाणे. वाडीने तिच्यावर तोडगा काढला होता आणि त्या तोडग्याचं नाव हौसाबाई परब.

हौसाबाईचा नवरा मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तो विजयदुर्गाच्या पुढे वादळात गेला. मूलबाळ नव्हतं. खाडीच्या चिखलात कुजत घातलेली नारळाची सोडणं काढायची, कुटायची आणि त्यांच्या काथ्याचं सुंभ वळायचं, यावर तिचं पोट चाले. हात सुंभात आणि कान शेजारच्या घरात, असा तिचा दिवस जाई. कुणाचं कण्हणं कानावर आलं की ती हातातलं टाकून जाऊन बसे.

तिची तयारी वकिलासारखी. "भरान येता काय टोचता?" "टोचता." "सुयेसारख्या काय माशाच्या काट्यासारख्या?" बाई विचारात पडे. तिने दुखणं नुसतं सोसलेलं असे, त्याच्याकडे इतकं निरखून कधी बघितलेलं नसे. हौसाबाई ते सगळं पाठ करी, पुन्हा म्हणून दाखवी, आणि देवळाच्या वाटेला लागली की तिचा हात आपोआप त्या जागी जाई. पायरी चढेपर्यंत ती किंचित वाकलेली असे.

"हौसाबाय," भिकाजी म्हणे, "तुझां दुखणां ऐकान देवाक पण कळ येत आसतली."

"माझां न्हय रे. लोकांचां."

"तां देवाक म्हायत आसा. मियां आपलो तुझ्या तोंडाकडे बगून सांगलंय."

वाडीचं मत असं, की खुद्द आजारी बाईला आपलं दुखणं हौसाबाईइतकं सांगता येत नाही. हे खरंही होतं. त्यामुळे पुढे जे झालं त्यात कुणाची अक्कल कमी पडली असं म्हणता येत नाही. चूक झाली ती वाजवीपेक्षा जास्तच सुसंगत वागल्याने.

हौसाबाईच्या शेजारी जानकीचं घर. जानकीचा नवरा दाजी रापणीवर जाई, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांत. मुलगा सत्यवान मुंबईला गोदीत. तो शिमग्याला आणि गणपतीला घरी येई. त्याची बायको विमला कुडाळकडच्या एका गावची, विशी नुकतीच ओलांडलेली. मुलगी इतकी मिटलेली, की लग्नाला तीनेक वर्षं होऊनही दाजीने तिचा आवाज नीट ऐकलेला नव्हता. मूल झालेलं नव्हतं. आणि ओटीपोटात, डाव्या अंगाला, तिला दुखत असे. पाळीच्या आधी जास्त, पण हल्ली मधल्या दिवसांतही.

जानकी वाईट बाई नव्हती. तिच्या मते बायकांना पोट असतं म्हणून ते दुखतं आणि कामाला लागलं की राहतं. तरी सून एकदा चुलीपुढे बसल्याबसल्या पांढरीफटक पडली तेव्हा ती घाबरली आणि तिने हौसाबाईला हाक मारली. हौसाबाईने दुखणं समजून घेतलं, पाठ केलं आणि देवळात नेलं.

भिकाजीने विचारलं, बाहेरची बाधा आहे का? डावी पाकळी पडली. घराण्याचं काही राहिलंय का? पुन्हा डावी. अंगाचंच दुखणं आहे, डॉक्टरला दाखवायचं का? उजवी. ती तर लावल्या लावल्याच पडली. देवाने इतक्या चटकन अंग काढून घेतल्याचं भिकाजीला आठवत नव्हतं.

कुडाळपलीकडे एक धर्मादाय दवाखाना होता. तिथे बाईडॉक्टर होती, आणि पोटाचा फोटो काढायचं यंत्र नुकतंच आलं होतं. जानकीच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, त्या दिवशी विचार झाला तो कुणी जायचं याचा.

"मगे हौसा, तूच जा," जानकी म्हणाली.

कुणी हसलं नाही. विमलेचे पाळीचे दिवस जवळ आले होते. एस.टी.त ती बसणार कशी आणि कुणाला शिवणार? शिवाय घोव मुंबईला आणि तरुण सून दवाखान्याच्या दारात, मालवणच्या स्टँडवर दहा जण विचारतील. परक्यापुढे विमलेच्या तोंडातून शब्द फुटत नाही. आणि मुख्य म्हणजे तिचं दुखणं हौसाबाईला तोंडपाठ होतं.

"चलात मां गो विमले?" जानकीने विचारलं. विमलेने मान हलवली. तिला बहुतेक हायसंच वाटलं असावं.

हौसाबाई गेली. घाटावरची बाईडॉक्टर, जाड चष्मा, शुद्ध बोलणं. हौसाबाई समोर बसली आणि देवळात सांगे तसं तिने सांगितलं, "माका" म्हणूनच, कारण गाऱ्हाणं ज्याचं असतं त्याच्याच तोंडाने घालतात. जड असं दुखतं, भिजलेलं सोडण पोटात ठेवल्यागत. मग एकदम कळ येते, मांडीत उतरते. पाळीच्या आधी जास्त. मूल नाही.

बाईडॉक्टरने लेखणी खाली ठेवली. "इतकं व्यवस्थित सांगणारं माणूस मला इथे आल्यापासून भेटलं नव्हतं. वय?"

"घाला तुमी अदमासान."

तिने चाळीस घातलं. ते बरोबरच होतं, हौसाबाईचं. मग म्हणाली, "आत चला. टेबलावर निजा."

देव अंगाला हात लावत नाही, हा फरक हौसाबाईच्या तेव्हा ध्यानात आला. तो महत्त्वाचा फरक आहे हे ध्यानात यायला अजून अवकाश होता. इतक्या वर्षांत, नवऱ्यामागे, तिला कुणी असं तपासलं नव्हतं. तिने कौलांच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या रेघेवर डोळे लावले, रवळनाथाचं नाव घेतलं आणि दात आवळून मनाला बजावलं, की हे विमलेचं चाललंय. त्यानंतर बाटलीत लघवी मागितली. तीही तिने विमलेच्या वतीने दिली. मग बाहेर इंजिन धडधडू लागलं, कारण त्या गावात वीज नव्हती, आणि गार पत्र्यावर निजवून तिच्या पोटाचा फोटो काढला.

दुपारी बाईडॉक्टर म्हणाली, "हाताला काही लागत नाही. लघवी स्वच्छ आहे. फोटोतही काही नाही. पण दुखणं तुम्ही सांगता तसंच राहिलं, तर महिन्याभराने पुन्हा या. आणखी बघावं लागेल."

हौसाबाईने वाडीत येऊन हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. लोकांनी मात्र 'पण'च्या अलीकडचं तेवढं घेतलं.

फोटो घरी आणला होता. काळी लवचीक काच असावी तसा. दाजीने तो खळ्यात उन्हापुढे धरला. आजूबाजूची चार घरं जमली.

"ह्यो कणो," दाजी म्हणाला. "सुरमयचो आसता तसोच."

"आणि ही खाली परडी कसली?" एका शेजारणीने विचारलं.

"बसतंस ती हाडां."

"म्हणजे ह्यां विमलेचां पोट!" जानकी कौतुकाने म्हणाली. "बगा, कायच नाय आत. उगीच घाबारलंव."

विमला दाराआड उभी राहून ते पाहत होती. तिच्या पोटाबद्दल सगळी वाडी आनंदली होती.

फोटो जानकीने माजघरात खुंटीला लावला. त्यानंतर विमलेने कमरेला हात लावला की सासू तिला काही बोलत नसे, नुसती खुंटीकडे बघे. आजवर दुखणं खरं की खोटं याचा निवाडा कुणाजवळ नव्हता, म्हणून निदान थोडी दयामाया होती. आता निवाडा भिंतीवर होता. शिमग्याला सत्यवान आला, त्यालाही फोटो दाखवला. त्याच्या जिवावरचं ओझं उतरलं. तो परत गेला आणि विमलेचं दुखणं वाढलं. ते तिने कुणाला सांगितलं नाही, कारण आता सांगायचं कुणाला? हौसाबाईला सांगावं, तर हौसाबाईच निरोगी असल्याचा दाखला घेऊन आली होती.

चैत्रात एके सकाळी दोघी खाडीकाठी सोडणं कुटत होत्या. विमलेच्या हातातलं दांडकं खाली पडलं. ती गुडघ्यात डोकं घालून बसली आणि बाजूला वळून ओकली. हौसाबाईने तिचं कपाळ धरलं. पोरीच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिच्या पाठांतरात नव्हतं. भिजलं सोडण नव्हतं, काटा नव्हता. हे काहीतरी तिच्या हातातून निसटलं होतं.

ओकारी थांबल्यावर विमला म्हणाली, "काकी, एक इचारू?"

"इचार."

"थंय डॉक्टरणीन हात खंय लावल्यान?"

"खंय म्हणजे? हंयसर. डाव्या अंगाक. मियां सांगलंय थंयच."

"तुका दुखलां?"

"माका कित्या दुखात?"

 विमला पदराने तोंड पुसत म्हणाली, "तो फोटो माझो न्हय, काकी. आयेक वाटता माझो. माझां पोट हंय आसा."

हौसाबाईला राग आला. इतकी वर्षं ती दुखणी नेत होती, असला हिशेब तिला कुणी विचारला नव्हता. ती तोऱ्यात म्हणाली, "देवळात पण मियांच जातंय मां? तेव्हा बरां चलता." आणि दांडकं उचलून कुटायला लागली. दोन घाव झाल्यावर तिचा हात थांबला. पोरगी पुन्हा ओकत होती.

दुपारी ती जानकीच्या खळ्यात उभी राहिली. "जानक्ये, विमलेक घेवन जातंय दवाखान्यात."

"परत? फोटोत काय नाय म्हणालंस तां?"

"फोटो माझ्या पोटाचो."

"मगे?" जानकीला त्यात नवीन काही दिसेना. "दुखणां हिचांच सांगलंस मां? देवळात तू गेलंस, कौल हिकाच लागलो. तुका लागलो काय?"

 हौसाबाईचा सगळा जन्म ज्यावर उभा होता, तेच जानकी तिला ऐकवत होती, आणि चूक काढायला जागा नव्हती. दाजी जाळं शिवायचं थांबून बघत होता.

"देव थंयसून बगता गो," हौसाबाई शेवटी म्हणाली. "डॉक्टरणीक हात लावूचो लागता. तिचो हात माझ्या पोटातसून विमलेच्या पोटात जायत काय?"

दाजी खाकरला. "जाव दे तिका," तो म्हणाला. सुनेच्या बाबतीत त्याने उच्चारलेलं ते पहिलंच वाक्य असावं.

बाईडॉक्टरने हौसाबाईला लगेच ओळखलं. "या. अजून दुखतंय?"

"माका न्हय, हिका. गेल्या खेपेक पण हिकाच."

"मग मी तपासलं ते कुणाला?"

"माका. पण दुखणां हिचां होतां."

बाईडॉक्टरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ती हसली नाही आणि ओरडलीही नाही. "बरं," ती म्हणाली. "आता हिला सांगू दे."

"तिका बोलूक येणां नाय. ऐका, जड असां—"

"हौसाबाई, तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही."

विमला खाली बघत राहिली.  बाहेर कुणाचं मूल रडत होतं ते रडून थांबलं. हौसाबाईच्या जिभेवर सगळं तयार होतं, क्रमाने, उपमांसकट. तिने पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला. असा त्रास तिला स्वतःच्या कुठल्या दुखण्याने कधी दिला नव्हता.

मग विमला बोलायला लागली. थांबत, एकेक. शौचाला बसलं की आत कुणी पिळल्यासारखं होतं. चढण चढताना होतं. आणि आणखी हळू आवाजात, "ते मुंबयसून येतत, तेव्हा... तेव्हा लय दुखता. सोसणां नाय. मियां कोणाकच सांगूक नाय."

हौसाबाईने तोंडावरचा पदर खाली घेतला. यातलं काही तिला ठाऊक नव्हतं. तिने विचारलंच नव्हतं. देवापुढे असलं विचारायची चाल नव्हती.

तपासायला थोडा वेळ लागला. बाहेर येऊन बाईडॉक्टरने दोघींना बसवलं. "डाव्या बाजूला गाठ आहे. लहान कैरीएवढी. पिशवीच्या शेजारी बीजकोश असतो, त्याला."

"फोटोत दिसाक नाय ती," हौसाबाई पुटपुटली.

"फोटो हिचा असता तरी दिसली नसती. फोटोत हाडं दिसतात, मुतखडा दिसतो. मऊ गाठ दिसत नाही. फोटो स्वच्छ म्हणजे पोट स्वच्छ नव्हे. फोटो स्वच्छ म्हणजे खडा नाही, इतकंच."

हौसाबाई विचारात पडली. मग तिच्या चेहऱ्यावर उजाडलं. "म्हणजे एका कौलाक एकच प्रश्न. बाधा नाय म्हटल्यान म्हणजे दुखणां नाय असां न्हय."

"तसंच समजा," बाईडॉक्टर म्हणाली. "गाठ आहे, हे हाताने सांगितलं. ती कसली, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. आज रक्त घेते, लघवी घेते, ते आत कुठे सूज-पू आहे का हे बघायला. आणि पुढची पाळी होऊन गेली की हिला परत आणा. अशा काही गाठी आपोआप जिरतात. जिरली तर सोन्याहून पिवळं. तशीच राहिली किंवा वाढली, तर उघडून काढावी लागेल. मधेच एकाएकी असह्य दुखलं, ओकारी थांबेना, तर मात्र पाळीची वाट बघू नका, तडक या. गाठ पिळवटलेली असते."

"म्हणजे आज कायच करूचां नाय?"

"वाट बघायची. वाट बघणं हीसुद्धा तपासणीच आहे."

हे वाक्य खारेवाडीत खपवणं हौसाबाईला कुठल्याही गाऱ्हाण्यापेक्षा जड गेलं. जानकीचं म्हणणं, डॉक्टरने औषध दिलं नाही त्या अर्थी काही झालेलं नाही. हौसाबाई म्हणे, मागल्या खेपेला 'पण'च्या पुढचं ऐकलं नाहीत, आता ऐका. तिने खुंटीवरचा फोटो काढला आणि सरळ आपल्या घरी नेला. "माझो आसा तो," ती म्हणाली. 

पाळी होऊन गेली. दोघी पुन्हा गेल्या. रक्त-लघवीत काही नव्हतं, आणि हौसाबाईने या 'नाही'चा आनंद मानला नाही. गाठ जिरली नव्हती, उलट थोडी टणक झाली होती. उघडायचं ठरलं. तेव्हा सहीला कुणीतरी घरचं माणूस हवं, असं दवाखान्यात म्हणाले. हौसाबाई पुढे झाली.

"नातं काय?"

"शेजारीण."

"चालणार नाही."

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिला कुणाच्या वतीने उभं राहू दिलं नाही. तिने वाईट वाटून घ्यायचं ठरवलं, पण वेळ नव्हता. दाजी काळी टोपी घालून आला, जानकी आली. सत्यवानला तार गेली.

गाठ निघाली. आत जुनं, काळं रक्त साठलेलं होतं, काकवीसारखं. तो बीजकोश काढावा लागला, दुसरा चांगला होता. गाठीचा तुकडा मुंबईला तपासायला गेला. तिकडून साधीच गाठ असल्याचं येईपर्यंत हौसाबाईने कुणालाही पेढे वाटू दिले नाहीत. मूल होईल का, असं जानकीने विचारलं. बाईडॉक्टर म्हणाली, "होऊ शकतं. ते आज सांगता येत नाही." जानकीने हौसाबाईकडे बघितलं, आणि बहुधा पहिल्यांदाच 'होऊ शकतं'च्या पुढचंही ऐकून घेतलं.

गाठ काढली त्या दिवशी विमला शुद्धीवर येऊन खाटेवर पडली होती. जानकी पायथ्याशी बसली होती आणि सवयीने तिने हौसाबाईला विचारलं, "हौसा, विमलेक दुखता काय गो आता?"

"माका खंय म्हायत? ती काय समोर आसा."

जानकी अवघडली. सुनेला काही थेट विचारायची तिला सवय नव्हती. ती जरा पुढे सरकली. "दुखता काय गो?"

"व्हय," विमला म्हणाली. "टाके वढतत."

भिंतीवर बघायला काही नव्हतं. जानकीने तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि तळवे चेपायला घेतले.

त्यानंतरही हौसाबाई देवळात लोकांची दुखणी नेत राहिली. देवाने त्याला हरकत घेतली नव्हती. दवाखान्यात मात्र ती बाईला सोबत नेई. साठ सालानंतर मालवणातच बाईडॉक्टर आली, तशी ही सोबत वाढली. बायका तिला बोलवायच्या, तीही सुंभ टाकून निघायची, एस.टी.त खिडकीची जागा पेशंटला द्यायची, आणि वाटेत सगळं विचारून घ्यायची. आता देवापुढे न विचारायचं तेसुद्धा विचारायची, आणि शेवटी सांगायची, "माका सांगलंस तां थंय सांग. मियां भायर बसतंय."

दवाखान्याच्या बाकावर ती पाठ ताठ करून बसे. दार लोटलेलं असे. आत बराच वेळ काही ऐकू येत नसे, आणि तिच्या ओठांची चुळबुळ चाले. मग आतून बाईचा आवाज उमटे, आधी पुटपुटल्यासारखा, नंतर सलग. तेव्हा कुठे हौसाबाई पिशवीतून पान काढी, पदराला पुसे आणि चुना लावायला घेई.